बाहेरच्या बाई

मुलांनो, तुमच्याकडे ‘बाहेरचं’ म्हणजे पिझ्झा. जुन्नरला मुलांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसायचे, तेव्हा मलाही त्या शब्दाचा दुसरा अर्थ सुचत नसे.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. डॉक्टरांनी पुण्याहून एका मानसशास्त्रज्ञ बाईंना दर गुरुवारी बोलवायला सुरुवात केली होती. त्याच सुमारास पिंपळवंडीची एक आई मुलीला घेऊन आली. शाळेची वेळ झाली की मुलीचं पोट दुखायचं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. दुखणं थांबलं नाही तर वडील तिची शाळा बंद करणार होते आणि आईला ते नको होतं.

डॉक्टर म्हणाले, “औषधाचं काम नाही हे. बाहेरच्या बाईंना दाखवू.”

आई पांढरीफटक पडली. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, “म्हंजी बाहेरचंच हाय?”

“हो, पुण्याच्या आहेत.”

“पुन्याची? येवढ्या लांबनं धरलं पोरीला?”

मला काही उलगडेना. “दर गुरुवारी येतात,” मी म्हटलं.

“काय आनायचं?”

“काही नको. नुसतं बोलायचं असतं.”

“आन् न्हाई सोडलं तर?”

“सोडतील की! अर्ध्या तासात.”

गुरुवारी ती खण, नारळ, हिरव्या बांगड्या आणि लिंबू घेऊन हजर. लिंबू पाहिल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तिच्याकडे ‘बाहेरचं’ म्हणजे भूतबाधा, आणि ही आमच्या बाईंना भूत समजत होती! मी समजवायला उठले, तोवर तिनं बाईंची ओटी भरून लिंबू उतरवलंही होतं. बाईंना वाटलं, गावाकडचा मान. त्यांनी बावरून हसत नमस्कार केला. त्यांची ती बावरलेली मुद्रा पाहून मुलगी खुदकन हसली. दवाखान्यात प्रथमच.

मग दार लागलं. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, आणि विचारायचं नाही असा नियम होता. मुलगी आणखी काही गुरुवार आली.

पुढे दवाखान्याजवळच्या बाजारात मायलेकी भेटल्या. मुलीच्या पाठीला दप्तर होतं.

“साळंत जाती आता. तुमच्या बाईनं लई सुखानं सोडली,” आई म्हणाली.

मी सांगायला गेले, “अहो, त्या डॉक्टरांसारख्याच...” आणि थांबले. खरं सांगितलं तर बरं की न सांगितलं तर?

“अजून येत्यात का त्या?”

“येतात ना, गुरुवारी.”

तिनं मुलीला जवळ ओढलं. “मंग गुरवारी आमी ह्या वाटंनं येत न्हाई, बाई.”

मुलगी माझ्याकडे पाहून गालात हसत होती. तिला काय ठाऊक होतं, ते मला अजून कळलेलं नाही.