भट्टी रुसते तेव्हा

त्या छोट्या कंपनीत सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण मालक तिचा धाकटा दीर होता आणि तो तिला वहिनी म्हणायचा. शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. वहिनीचं वय त्रेपन्न, चष्मा कपाळावर आणि शोधाशोध टेबलावर. कंपनी बेकरीच्या भट्ट्यांसाठी नियंत्रणाची यंत्रं बनवायची. त्या यंत्रांच्या आत सी या संगणकाच्या भाषेतली जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, चालायची, ती वहिनीनं मुलगी पाळण्यात असताना लिहिली होती. एका हातानं पाळण्याची दोरी, दुसऱ्यानं कीबोर्ड. आता मुलगी नोकरीला लागली होती आणि लायब्ररी अजून तीच होती. तापमापक वाचायचे, बर्नर कमीजास्त करायचा, आणि काही बिघडलं की उणे एक हा आकडा परत पाठवून मोकळं व्हायचं.

एका सोमवारी सकाळी बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. पंधरा दिवसांतला तिसरा.

"तुमचं यंत्र पुन्हा म्हणतंय, काम अयशस्वी."

"अजून काही लिहिलंय का खाली?"

"नाही हो. दोन शब्द बोललं आणि गप्प."

दीर म्हणाला, "सरळ नवा बोर्ड पाठवून देऊ. कटकट मिटेल."

"कशानं बंद पडलं ते कळल्याशिवाय बोर्ड बदलून काय करायचं?" वहिनी म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

सकाळचा माल निघून गेला होता तरी बेकरीत अंग भाजत होतं. दोन भट्ट्या शेजारी शेजारी, मधे पिठाची पोती, भिंतीवर यंत्राचा काळा पडदा आणि त्यावर पिठाच्या बोटांचे ठसे. बाई पाव मोजून ट्रेमध्ये लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण तुमचं यंत्र अगदी आमच्या मामंजींसारखं आहे. रुसायचं, जेवायला यायचं नाही, आणि का रुसलोय ते शेवटपर्यंत सांगायचं नाही. आम्ही आपले अंदाज बांधत बसतो. भाजीत मीठ जास्त झालं, की पेपर कुणी आधी वाचला?"

वहिनीला हसू आवरेना. पण परतीच्या वाटेवर बसमध्ये तिला ते लागलं. यंत्राला तोंड तिनंच दिलं होतं आणि बोलायला मात्र शिकवलं नव्हतं.

कार्यालयात येऊन तिनं स्वतःचा जुना कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. सगळ्यात खालच्या फंक्शनला, म्हणजे तापमापकाशी थेट बोलणाऱ्या कोडच्या तुकड्याला, काय बिघडलं ते नेमकं माहीत असायचं. ते वरच्याला फक्त उणे एक सांगायचं. वरचं फंक्शन घाईनं बर्नर बंद करायचं. ते काम नीट पार पडलं की आधीच्या चुकीची खूणही पुसली जायची. सगळ्यात वर पोचेपर्यंत उरायचं काय, तर काम अयशस्वी.

"एकशे चाळीस फंक्शनं बदलायची आहेत," तिनं दिराला सांगितलं. "तीन आठवडे लागतील."

"वहिनी, चाललंय ना सगळं."

"चालत नाहीये, भावोजी. बंद पडतंय आणि का ते सांगत नाहीये."

दिरानं मान डोलावली. वहिनीशी वाद घालून कुणाचं भलं झालं नव्हतं.

मग ती हात धुऊन त्या कामामागे लागली. नियम तिनं कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. चूक जिथे घडेल तिथेच नोंद करायची: कुठली फाइल, कितवी ओळ, काय करायला गेलो होतो, काय झालं. वरच्यानं खालच्याची नोंद पुसायची नाही, तिच्यावर आपली चढवायची. आणि लायब्ररीनं आपण होऊन पडद्यावर आरडाओरडा करायचा नाही. वापरणारा विचारेल तेव्हा सगळी चळत त्याच्यापुढे ठेवायची.

तीन आठवड्यांचे पाच झाले. नवं रूप बेकरीत बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन. "ताई, डाव्या भट्टीचा तापमापक बोलत नाही म्हणतंय. मी कारागीर बोलावून डावीचं झाकण उघडलं. ती ठणठणीत आहे. बंद पडलीये उजवी."

वहिनीनं जीभ चावली. दोन्ही भट्ट्यांचं काम एकाच वेळी दोन धाग्यांवर, म्हणजे प्रोग्रामच्या दोन समांतर वाटांवर, चालायचं आणि नोंदवही तिनं दोघांत एकच ठेवली होती. एकीची कागाळी दुसरीच्या नावावर. तिनं बाईंची माफी मागितली, प्रत्येक धाग्याला स्वतःची वही दिली आणि स्वतः जाऊन बसवून आली. बाईंनी गरम पाव बांधून दिला. म्हणाल्या, "बोलायला तरी लागलं. नव्यानं बोलणारं अडखळायचंच."

आठ दिवसांनी उजवी भट्टी पुन्हा थांबली. या वेळी बाईंच्या आवाजात उत्साह होता.

"वाचून दाखवते हं. वरची ओळ, भट्टी थांबवली. तिच्याखाली, तापमान कळलं नाही. त्याच्याही खाली, तापमापक तीन, दोनशे मिलिसेकंद थांबलो, उत्तर आलं नाही. मग फाइलचं नाव आहे, आणि ओळ चारशे बारा."

वहिनीनं ओळ चारशे बारा उघडली. दोनशे हा आकडा तिचाच, पाळण्याच्या काळातला. तिनं विचारलं, "तिसरा तापमापक बदललाय का कधी?"

"दोन महिने झाले. जुना गेला म्हणून नवा बसवला."

नवा तापमापक जरा सावकाश बोलणारा होता. भट्टी पूर्ण तापली की उत्तराला दोनशेच्या थोडं पुढे जायचा, आणि लायब्ररी तोवर धीर सोडून बसायची.

"बाई, चूक त्याची नाही, यंत्राचीही नाही. माझी आहे. मी थांबायला फार कमी वेळ दिला होता."

मग बाई म्हणाल्या, "बरं झालं. इतके दिवस चिडायचं कुणावर तेच कळत नव्हतं. आता कळलं, तर चिडावंसं वाटत नाही."

दोनशेचे पाचशे झाले. भट्टी त्यानंतर थांबली नाही. दिरानं सगळ्या गिऱ्हाइकांकडे नवी लायब्ररी बसवली आणि फोन वाढतील म्हणून धास्तावला. फोन आले खरे, पण लोक आता नेमकी ओळ वाचून दाखवायचे, आणि चहा निवायच्या आत उत्तर मिळायचं. नवा बोर्ड पाठवायची भाषा दिरानं सोडून दिली.

हल्ली वहिनी संदेशांच्या शब्दांवर बसलेली असते. परवा ती आणि तिच्या शेजारी बसणारा चाचणीवाला यांची तासभर जुंपली होती. तो म्हणत होता, तापमापकानं उत्तर दिलं नाही, असं लिहू. वहिनी म्हणत होती, उत्तर मिळालं नाही, असं लिहायचं. त्यानं दिलंही असेल, वाटेत तार तुटली असेल, आपल्याला काय ठाऊक? आपल्याला कळलं तेवढंच नोंदवावं. चाचणीवाल्यानं डोकं खाजवलं, शब्द बदलला आणि पुढचा संदेश वाचायला घेतला.