बेटावरचा नळ

आमची घरमालकीण मॉरिशसची आहे. तिचे पूर्वज कधीतरी कोकणातून उसाच्या मळ्यांत कामाला तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये आम्ही नवराबायको भाड्याची जागा बघायला गेलो, तेव्हा तिने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "जेवलात काय?" भाडं किती, डिपॉझिट किती, हे सगळं नंतर. तिचं मराठी ऐकून मी चाटच पडले. मी पुण्याची, म्हणजे शुद्ध-अशुद्धाचा निकाल लावायला एका पायावर तयार असलेली, पण हिच्या मराठीला कुठल्या खणात ठेवावं तेच कळेना. कोकणातलं जुनं, त्यात अधूनमधून बेटावरच्या क्रिओल भाषेतले शब्द. त्या दिवसापासून ती माझी मावशी झाली. ती खाली राहते, आम्ही वर.

ती इथे नर्स म्हणून आली आणि त्याच कामातून निवृत्त झाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. अमेरिकन पासपोर्ट कपाटात पडून आहे. पण ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानात कोणी सहज विचारलं, की मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर उत्तर ठरलेलं. "मी बेटावरची. इथे कामाला आलेय." निवृत्त झाल्यावरही तेच. मी एकदा म्हटलं, "मावशी, काम संपलं ना आता?" तर म्हणाली, "मग? कामाला आलेला माणूस काम संपलं की लगेच तिथलाच होतो काय?" कप्पाळ!

सकाळी सहाला तिचा रेडिओ सुरू होतो. रेडिओ म्हणजे फोनवरचं अ‍ॅप. इथे सकाळचे सहा, तेव्हा बेटावर दुपारचे दोन, आणि दोन वाजता तिथे तक्रारींचा कार्यक्रम असतो. लोक फोन करतात आणि तोंड सोडतात. निवेदक त्यातल्या एखाद्या तक्रारीवरून ऑन एअरच संबंधित ऑफिसला फोन लावतो, आणि साहेब जेवायला गेलेत हे अख्खं बेट एकदम ऐकतं. मला वर्क फ्रॉम होम असलं की मी चहाचा कप घेऊन खाली जाते. मावशी एकीकडे ऐकते, एकीकडे मला मराठीत सांगते, आणि एकीकडे शिव्या घालते. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे जातात तेव्हा कार्यक्रम पाच वाजता येतो. मग ती आधी अमेरिकेला शिव्या घालते आणि नंतर बेटावरच्या सरकारला.

ऐकून ऐकून मला त्या बेटाची इत्थंभूत माहिती झाली आहे. दुधाची पावडर महागली. कांदा महागला. सगळं बोटीने येतं, त्यावर बोटीचं भाडं, त्यावर टॅक्स, आणि मग डोळ्यांत पाणी यायला तो कांदा चिरायचीही गरज राहत नाही, असं एक फोनवाला म्हणाला होता. रस्ता डांबरी केला, मग पाइपसाठी खणला, मग पुन्हा डांबर, मग आठवलं की पाइप टाकायचाच राहिला. आणि पाणी. पाण्यावर तर रोज कोणीतरी असतंच. बेटावर पाऊस धो धो, आणि नळ कोरडे, कारण जुन्या पाइपांतून अर्धं पाणी वाटेतच मुरतं. क्रिओल मला येत नाही, पण दिलो म्हणजे पाणी, एवढं मला कळायला लागलं होतं. दर दोन वाक्यांनी दिलो.

गंमत म्हणजे मावशी न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स निमूटपणे भरते. तो आकडा ऐकून माझ्या नवऱ्याला ठसका लागला होता. हिच्या तोंडून मात्र चकार शब्द नाही. आणि बेटावर दिव्याच्या तेलावर टॅक्स वाढला, जो हिला कधी भरायचा नाही, तर ही कणीक मळता मळता परात आपटते. मी म्हटलं, "इथलं बिल एवढं, त्यावर काही बोलत नाही तुम्ही." म्हणाली, "इथे पैसे दिले, कचरा नेला, बर्फ काढला, व्यवहार संपला. परक्याशी काय भांडायचं?"

पण भांडायचा हक्क फक्त तिचा. मी एकदा तिच्या सुरात सूर मिसळून म्हणाले, "तुमचं सरकारपण अगदी आमच्यासारखंच दिसतंय, नुसता गोंधळ." झालं! तिने पळी खाली ठेवली.

"तू कशाला बोलतेस? तू तिथे टॅक्स भरतेस काय?"

"तुम्ही तरी कुठे भरता, मावशी?"

तिने पळी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "माझा भाऊ भरतो. तेच ते."

हा भाऊ म्हणजे तिचं तिथलं सगळं काही. तिच्याहून मोठा, बसवर कंडक्टर होता. बेटाच्या मधल्या उंच भागात, चढावर त्यांचं घर आहे. तो तिथेच जन्मला, तिथेच एकटा राहतो. खुब्याचं हाड दुखतं म्हणून लंगडतो. त्याच्या नळाला आधी दिवसाआड पाणी यायचं, मग आठवड्यातून कधीतरी, मग येईनाच. उताराच्या वळणावर सार्वजनिक नळ आहे, तिथून तो कॅन भरून वर आणतो. मावशी रोज व्हिडिओ कॉल करून त्याला ओरडायची. तक्रार कर. कार्यक्रमाला फोन कर. तो म्हणायचा, "केली की. ऑफिसात जाऊन आलो. माझं कोण ऐकतो?" मग म्हणायची, इकडे ये माझ्याकडे. त्यावर तो हसायचा. "नळ बघायला अमेरिकेला येऊ काय?"

या कॅनचा तिच्या जिवाला घोर लागला होता. भाजी निवडतानासुद्धा मधेच म्हणायची, "पडला तर कोण उचलणार गो त्याला?" मी आपली समजूत घालायची, की शेजारी असतील, बघतील. माझ्या आईच्या सोसायटीतही पाण्याचा टँकर येतो, आणि त्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी केव्हाच म्यूट केला आहे, त्यामुळे समजूत घालणं मला छान जमतं.

आणि जुलैत तो पडलाच. चढावर पाय सरकला, कॅन गडगडत खाली गेला, मनगट सुजलं. फोनवर त्याने हा किस्सा हसत हसत सांगितला, की कॅन माझ्यापेक्षा आधी खाली पोचला. मावशी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर ती कार्यक्रमाचा नंबर फिरवून रांगेत थांबली होती. "मीच बोलते आता," म्हणाली.

आमच्याकडे तेव्हा उष्णतेची लाट होती. तिचा एसी बंद पडलेला, खिडकीत पंखा घरघरत होता, आणि तिने मानेवर ओला पंचा टाकला होता. मी बर्फ घालून कॉफी केली. तेवढ्यात तिचा नंबर लागला. निवेदकाने कुठून बोलता विचारलं, तिने गावाचं नाव सांगितलं. ठणठणीत, जराही न अडखळता. मग जी सुटली! वाहवा, काय बोलत होती! मला शब्द कळत नव्हते, पण भावाचं वय, तो चढ, तो कॅन, ते मनगट, सगळं तिच्या हातवाऱ्यांत दिसत होतं. निवेदकही मधे बोलला नाही. मला वाटलं, आज टँकर नाही, थेट मंत्री येतोय पाणी घेऊन.

आणि शेवटी तिने पंच्याने कपाळ पुसत आणखी एक वाक्य टाकलं. मग निवेदक हसायला लागला. मावशीचा चेहरा उतरला तो मी बघितला. तिने फोन बंद केला आणि खुर्चीत बसली.

"काय झालं?"

"मी म्हटलं, या उकाड्यात जीव चाललाय आणि नळाला थेंब नाही." ती पंख्याकडे बघत होती. "तो म्हणाला, बाई, मी इथे स्वेटर घालून बसलोय. तुम्ही कुठल्या बेटावरून बोलता?"

जुलै म्हणजे तिथला हिवाळा. "आमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा असतो, ख्रिसमसला लिची पिकतात," हे तिनेच मला दर डिसेंबरात सांगितलेलं. मी समोर बसून बर्फाची कॉफी पीत होते, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

अ‍ॅप चालूच होतं. पुढच्या माणसाने फोन करून म्हटलं, त्या बाईंना सांगा, थोडा उकाडा आमच्याकडे पाठवा. त्याच्या पुढच्या बाईने आवाज ओळखला. बेट ते केवढं! ती म्हणाली, ही आपल्या कंडक्टरची बहीण, अमेरिकेत असते. मावशीने एवढं मला सांगितलं आणि अ‍ॅप बंद केलं. मग रडली. नर्स म्हणून आयुष्यभर काय काय बघितलेली बाई, नवऱ्याच्या आठवणीनेही माझ्यासमोर कधी रडली नव्हती. "मला माझ्या देशातली थंडी आठवली नाय गो," म्हणाली. मला फार वाईट वाटलं, आणि मी तिचा पंचा पुन्हा ओला करून आणला.

त्यानंतर काही दिवस खाली रेडिओ लागला नाही. मग भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच होते. तो नळ सोडून दाखवत होता. पाणी! टँकर आला, मागोमाग माणसं आली, पाइप बदलला, एका साहेबाने नळाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

"माझ्या फोनमुळे?" मावशीने विचारलं.

"मग काय. रस्त्यात विचारत आले, अमेरिकेच्या मॅडमचं घर कुठलं." तो नळ बंद करायला वाकला. "मी ऑफिसात गेलो होतो तेव्हा बसा पण म्हटलं नव्हतं. आता दाब चांगला आहे. सगळे आता या घराला अमेरिकावालीचं घर म्हणतात."

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. पाणी आल्याच्या आनंदातच होता. पण फोन ठेवल्यावर मावशीचा जो काही संताप झाला! "सत्तर वर्षं तो तिथे राहतो. टॅक्स तो भरतो, महागाचा कांदा तो खातो, पाय त्याचा सरकतो. आणि घर माझं? मी कोण?" मी म्हटलं, "जाऊ द्या मावशी, काम झालं ना?" ती "झालं" म्हणाली, पण असं म्हणाली की मी कप उचलून वर आले.

पुढे रेडिओ पुन्हा सुरू झाला, पण तिच्या तोंडाचा पट्टा मात्र बंद. गपचूप ऐकायची. फोनमध्ये तिने गावचं हवामान लावून घेतलं आणि रोज उठल्यावर आधी ते बघायची. आज तिथे सतरा, आज एकोणीस. मला विचाराल तर मला ती परात आपटणारी मावशीच बरी वाटत होती.

डिसेंबरात नळ पुन्हा कोरडा पडला. पाइप नवा, पण त्याच्या मागचा जुनाच, तो फुटला. भाऊ पुन्हा कॅन घेऊन वळणावर जायला लागला. या वेळी मावशीने त्याला तक्रार कर म्हणायच्या आधी तोच म्हणाला, "तूच लाव फोन. तुझं ऐकतात." ती हो म्हणाली आणि चार-पाच दिवस लावलाच नाही. चिडचिड करायची, माझ्यावरही करायची. मग एक दिवस भाऊ कॅमेऱ्यात दिसला तो डाव्या हाताने कप धरून. उजवा का नाही धरत, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तेव्हा अजून उजाडायचं होतं. बाहेर रात्रभर बर्फ पडून गाडी बुजली होती. मावशी दोन स्वेटर घालून, कानाला फोन लावून स्वयंपाकघरात उभी. निवेदकाचा आवाज आला. त्याचा पहिला प्रश्न मला आता पाठ झाला होता: कुठून बोलता? तिच्या तोंडावर गावाचं नाव आलेलं मला दिसलं. तिने खिडकीतून बाहेर बघितलं.

"लामेरिक," ती म्हणाली. अमेरिका, एवढं मलाही कळलं.

निवेदकाचा सूर एकदम अदबीचा झाला, हे भाषा न येताही कळत होतं. त्याने आधी तिकडची हवा विचारली. तिने सांगितलं, बर्फ आहे. तो हसला. मग तिने नळाचं सांगितलं, थोडक्यात, हातवारे न करता. संध्याकाळच्या आत तिच्या भावाच्या दारात टँकर उभा होता.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी ओक ट्री रोडला भाजीला गेलो. काउंटरवर नवीन मुलगी होती. मावशीचं मराठी ऐकून तिला मजा वाटली असावी. तिने कौतुकाने विचारलं, "मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या हो?"

मावशी पिशवीत कोथिंबीर भरत होती. मी वाट बघत राहिले.

"इथलीच," ती म्हणाली.