तार न जोडलेली फळी

भूत, बाहेरची बाधा, अंगात येणं... हे सगळं मी आयुष्यभर हसण्यावारी नेलं. कारंज्यात (घाडगे) माझा भोंग्याचा धंदा होता. लग्न, जयंती, गणपती, सगळीकडे माझाच साऊंड. अंगात आलेल्या बाया लय पाह्यल्या. केस मोकळे, डोळे फिरलेले — पन माइकची वायर आडवी आली की बरोबर पाय उचलून ओलांडत. तेव्हा या गोष्टीत मले कोणी शिकवू नये. तरीबी हे लिहून राह्यलो. शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी बायको शांता. तिले जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताबी येत नव्हतं. लोक म्हणत, "भोंगेवाल्याले बहिरी बायको... काय जोडी जमली बापा!" म्हणू दे. स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून ती सांगे, आतला कोणता कोन, म्हणजे कागदी पडदा, फाटला. माझ्या कानाच्या आधी तिच्या हाताले कळे.

लेकरू झालं नाई. घरात आम्ही दोघंच, आन् आमचं बोलणं लाकडावरचं. मी तिले बोलवायचो तं जमिनीवर पाय आपटायचो. ती मले बोलवायची तं सागवानी तखतावर हात मारायची. नुसती थाप म्हणजे इकडं ये. नखानं दोनदा खरडून मग थाप म्हणजे पाणी दे. हे तिसऱ्या माणसाले माहीत असायचं कारणच नव्हतं.

मग तिच्या किडन्या गेल्या. पाणी मोजून द्या म्हणे डॉक्टर, नाई तं छातीत भरंन. ती त्याच तखतावर पडून खरडायची. खर्र, खर्र, थाप. मी ओला फडका ओठाले लावायचो, ती तो दातात धरून ठेवायची. गेली तेव्हाबी बोटं लाकडावरच होती. तहानलेली गेली. माणूस जाते, मी मानतो. पन तहानलेलं जाणं... ते मले गिळता येत नाई.

ती गेल्यावर वर्षाभरानं, दोन हजार पाचच्या आसपास, नागपूरच्या एक आर्टवाल्या म्याडम कोणाकडून तरी माझं नाव ऐकून आल्या. म्हणाल्या, "काका, मला एक भिंत बनवायचीये. डोळ्यांनी बघायची नाही, हातांनी ऐकायची. ज्यांना ऐकू येत नाही ते लोक येतील."

मी म्हणलं, "म्याडम, हे तं माझ्या घरी तीस वर्सं चालू होतं."

त्या हसल्या. मग मी शांताचं सांगितलं.

काम घेतलं. प्रत्येक फळीमागं एक खोकं, खोक्यात स्पीकर. कोनाच्या मधात लाकडाची गुल्ली चिकटवली, तिचं दुसरं टोक फळीले. म्हणजे आवाज हवेत न जाता लाकडात जाते. समोर पितळी पट्टी. पट्टीले हात लावला की फळी थरथरते. एकीत बैलगाडी, एकीत ट्रकचं इंजिन, एकीत टिनावरचा पाऊस, एकीत पिठाची चक्की. शेवटच्या फळीले लाकूड कमी पडलं. शांताचं तखत घरात पाहवत नव्हतं, त्याचीच फळी कापून लावली. नेमका तिथलाच स्पीकर ऐन वेळी जळला. म्याडम म्हणाल्या, "राहू द्या काका. एक फळी मुकीच ठेवू."

मी तार जोडलीच नाई. मागं रिकामं खोकं.

बोरगाव मेघेच्या एका हॉलमध्ये भिंत उभी केली. भर दुपार, हॉल माणसांनी भरलेला. एक शिवणकाम करणारी बाई भावासोबत आली. तिलेबी ऐकू येत नव्हतं. एकेक फळीवर हात ठेवत, हसत चालली होती. चक्कीवर तं डोळे मिटून डुलली. मग शेवटच्या फळीवर हात ठेवला... आन् तिचं हसू गेलं. तिनं इकडंतिकडं पाह्यलं आन् अंगठा तोंडाकडं नेला.

मी भावाले विचारलं, "तिले तहान लागली काय?"

तो तिचे हात पाहत होता. म्हणे, "तिले नाई काका. ती म्हणते, आत कोणीतरी पाणी मागून राह्यलं."

म्याडम माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्ही इथं काही जोडलंत का?"

"काय जोडू? तार कुठं हाय?"

मी हात ठेवला. खर्र. खर्र. थाप.

मेन स्विच पाडला. पाऊस, चक्की, इंजिन, सगळं बंद. पुन्हा हात ठेवला. खर्र, खर्र, थाप. मागचं झाकण उघडलं — भुसा, बाकी काही नाई. उंदीरबी नाई.

ती बाई माठाकडं गेली आन् ग्लास भरून माझ्या हातात दिला. माझ्याकडं अशी पाहत होती, जसं पाणी मीच अडवून धरलं.

मी एक हात फळीवरच ठेवून ग्लास तिच्यावर ओतला. म्याडम ओरडल्या, "अहो काका, काय करताय, वायरिंग भिजेल!" मी दुसरा ओतला. खरडणं चालूच. तिसरा ओतला. फळीवरून पाणी खाली वाह्यलं, लोकांच्या चपला ओल्या झाल्या. मग हाताखाली लाकूड नुसतं लाकूड झालं.

ते काम संपल्यावर फळी मी घरी आणली. रोज हात ठेवतो. काही नाई. बाजूले पाण्याचा ग्लास भरून ठेवतो, सकाळी तो तसाच भरलेला असते. तहान भागली म्हणावं, का मागणंच सोडलं म्हणावं — कोण सांगंन?

म्याडमनं एका इंजिनिअरले विचारलं. तो म्हणे, बाजूच्या फळीची थरथर या फळीत आली असंन, आन् बाईले भास झाला. आली असंन बापा. मी काही शिकलेला नाई. पन बाजूच्या फळीत पिठाची चक्की होती, आन् मेन स्विच मी स्वतः पाडला होता.

चक्की पाणी मागत नाई.