कपबशीचा कर्ता

मराठी शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी तरी कर्ता शोधण्यात गेली. "बाई, काच फुटली," असं एखादं पोरगं म्हणालं की मी विचारायचे, "काच आपणहून फुटली? वाक्याला कर्ता दे." मग ते बिचारं मित्राचं नाव द्यायचं आणि दोघंही वर्गाबाहेर उभे राहायचे. निवृत्त होऊन सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहायला आले तरी खोड गेली नाही. दूध उतू गेलं तरी मी मोठ्यानं कर्ता विचारते, आणि घरात मी एकटीच असते.

त्यामुळं माझ्या माहेरच्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी हुरळून गेले. वळसंगच्या अलीकडं आमचं गाव. शाळेची एक खोली रिकामी होती, तिथं गावातल्या जुन्या वस्तू मांडायच्या होत्या. जातं, मोट, कंदील असं काय काय जमलं होतं. प्रत्येक वस्तूपुढं एक पाटी आणि पाट्यांचा मजकूर मी लिहायचा. "पण बाई, खरा इतिहास पायजे बरं का," ते म्हणाले. बोलायची पद्धत म्हणून ते बोलले असतील. मी मनावर घेतलं.

आमच्या घराच्या वळचणीला एक कपबशी खोचलेली असायची. आमच्या शेतात राबायला येणाऱ्या दलित माणसांना चहा तिच्यातच मिळायचा. त्यांनीच ती काढायची, त्यांनीच विसळायची आणि परत तिथंच खोचायची. घरातले कप निराळे. ही कपबशी मांडायची, असं मी फोनवरच जाहीर करून टाकलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी दुपारचा चहा दोनदा घेतला.

लहानपणी शाळेत माझ्याच वर्गात शिकणारी एक मुलगी आईबरोबर आमच्या शेतात तण काढायला, भांगलायला यायची आणि त्या कपातनं चहा प्यायची. पुढं ती नर्स झाली, सोलापुरातच. आता निवृत्त आहे, स्कूटी चालवते, आणि मी रिक्षावाल्याशी भांडत उभी दिसले की मुकाट्यानं मला मागं बसवून घेते. आमची मैत्री म्हणायची तर तशी. ती मला अजून 'तुमी' म्हणते, मी तिला 'तू'. सर्वनामं शिकवण्यात जन्म गेला, पण हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दालनाची फीत तिनं कापावी, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. ती म्हणाली, "आदी पाटी वाचती. बरी आसंल तर फीत कापती. न्हायतर मी आपली घरला."

मला ती यायला हवी होती. त्या कपाबद्दल तिच्याशी एक शब्द काढायची हिंमत मला इतक्या वर्षांत झाली नव्हती. पाटीच्या आडून ते उरकून घ्यावं, असा माझा डाव होता.

पाटी लिहायला बसले आणि माझा चुलतभाऊ येऊन टपकला. तो शाळेच्या समितीवर. त्यानं आधी सुचवलं, "जुन्या काळातील चहाची कपबशी." मी डोळे वटारले तसा म्हणाला, "बरं, 'प्रथेनुसार काहींसाठी वेगळी ठेवली जात असे,' असं लिव्ह. प्रथा म्हटलं की मिटलं. प्रथा कुणाच्या घरची नसती." मी हुज्जत घातली, दमले आणि शेवटी तेच लिहिलं. ठेवली जात असे! मुलांचे अर्धे गुण कापणारी मी, आणि कर्ता गावभर शोधूनही सापडणार नाही असं वाक्य स्वतःच्या हातानं पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवलं.

उद्घाटनाच्या सकाळी तिच्या स्कूटीवरून आम्ही गावी गेलो. लोक जमायला अवकाश होता. ती थेट कपबशीपुढं जाऊन उभी राहिली. पाटी वाचलीच नाही. कपाकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली.

"ही ती न्हवं," ती म्हणाली. "हिच्यावर गुलाबाची फुलं हायती, काठ सोनेरी हाय. असल्या कपात मिळाला आसता तर मी आनी एकदा मागितला आसता की!"

मी तडक घरी जाऊन काकूला गाठलं. कपबशी तिनं पाठवली होती. ती जराही वरमली नाही. "फुटकी कपबशी मांडली तर लोकं काय म्हनतील? ह्यांच्यात धड कप बी नव्हता म्हनतील! म्हनून दिवाळीतली दिली." म्हणजे आमच्या चुकीचीसुद्धा आम्हाला नीटनेटकी मांडामांड हवी होती.

"मग खरी कुठाय?"

बशी कधीच फुटली होती. कान तुटलेला कप मोरीवर होता. त्यात भांडी घासायची पावडर होती. "त्यो न्यायचा आसंल तर न्ये," काकू म्हणाली, "पन मी पावडर कशात ठिवू?" मी तिला गुलाबाचा कप परत आणून द्यायचं कबूल केलं.

कप विसळून शाळेत नेला. मैत्रिणीनं तो हातात घेतला, तुटक्या कानावरून बोट फिरवलं आणि जागेवर ठेवला. मग पाटी वाचली. "बाई, ह्यात करता कुटं हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नवा पुठ्ठा घेतला आणि लिहिलं, "या कपात आम्ही आमच्या शेतात राबणाऱ्या दलित माणसांना चहा देत होतो. आमचे कप वेगळे होते." चुलतभावानं कपाळाला हात लावला. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. एवढ्या धाडसावर पूर्ण गुण मिळणार अशी माझी खात्री होती.

"'देत' न्हाय," ती म्हणाली. "'वरनं ओतत'." कपाच्या वर तिनं हात धरून दाखवला, चांगला वीतभर. "एवढ्या वरनं."

चहा अंगावर उडू नये म्हणून ती मान मागं घ्यायची. मी ते विसरले नव्हते. फक्त लिहिलं नव्हतं. मी 'देत' खोडून 'वीतभर वरून ओतत' लिहिलं.

"आनी आमी म्हंजी कोन?"

"आम्ही सगळे. घरचे."

"तुमचा आज्जा रानात. तुमची काकू चुलीम्होरं." माझ्याकडं बघत ती शांतपणे म्हणाली, "वतायचीस तर तूच की."

आख्ख्या आयुष्यात ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली. मी 'आम्ही' खोडलं आणि 'मी' लिहिलं. 'होतो'चं 'होते' करावं लागलं. पुठ्ठ्यावर इतकी खाडाखोड झाली की एखाद्या विद्यार्थ्यानं असा कागद दिला असता तर मी तो परत केला असता. "सुवाच्य अक्षरात दुसरी करते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या हीच," ती म्हणाली आणि मुख्याध्यापकांकडं वळली. "सर, कात्री कुटं हाय?"