दुसऱ्याचा राग सांगताना

विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात ताई आल्या त्या तात्पुरत्या. निदान त्या तरी तसंच सांगायच्या. पीएचडी पुरी होईपर्यंत हाताशी काहीतरी असावं म्हणून ही नोकरी धरली. मग मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलाकडे निघून गेले, प्रबंध अर्ध्यावर लटकला आणि ताई खिडकीमागच्या खुर्चीत कायमच्या बसल्या. ओळखपत्र हरवलं, वसतिगृहात गरम पाणी नाही, खोलीतली मैत्रीण घोरते, अशी सगळी गाऱ्हाणी त्यांच्याकडे. पुढे काय करावं कळत नाही म्हणणाऱ्या पोरांनाही त्याच समजावायच्या. पोरगं गेलं की शेजारच्या टेबलावर बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आता मला कोणीतरी सांगा."

घरी त्या आणि त्यांची आई. आईची जीभ तिखट. पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा चहा पुढे करत त्या मला म्हणाल्या, "ही जगाच्या पोरांना वाट दाखवते आणि स्वतः चौकात उभी." ताई हसल्या, पण मग उठून उगाचच स्वयंपाकघरात गेल्या.

मग एका वर्षी कलाविभागात छापचित्रं शिकायला एक मुलगी आली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. खिडकीशी ती उभी राहिली, तर आमचा कारकून तिच्यावर ओरडला, "काय हवंय?" मुलीने कानाकडे बोट दाखवलं. तो आणखी मोठ्याने ओरडला. ताई उठून बाहेर गेल्या, तिला बाकावर बसवलं आणि कागदावर लिहून तिचं काम समजून घेतलं. जाताना मुलीने त्यांना एक खूण करून दाखवली, "आभार". ताईंनी ती दिवसभर स्वतःशीच घोटली. मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणाल्या, "काही नाही हो, बोट वाकडं पडतंय."

तिथून त्यांना वेडच लागलं. मुलगी दुपारच्या सुट्टीत यायची, शाईने काळे झालेले हात हलवून शिकवायची, ताई चुकल्या की पोट धरून हसायची. हातांच्या त्या भाषेत अहो-जाहो नव्हतं. बोट दाखवलं की झाला 'तू'. ताईंना त्याचंच भारी अप्रूप. त्यांनी रजा टाकून रीतसर वर्ग केला. पुढच्या वर्षी आणखी काही बहिरी मुलं आली. ताई त्यांच्या तासांना बसू लागल्या, शिक्षक बोलतील ते हातांनी सांगू लागल्या. संचालक साहेबही खूश. पाहुणे आले की ताईंना पुढे उभं करायचे. "दुभाषाचं पद मंजूर करून घेतोय," त्यांनी सांगितलं. "ते तुमचंच समजा."

ताईंनी घरी जाऊन सांगितलं, "आई, मला कळलं मला काय करायचंय ते."

आई म्हणाल्या, "बरं झालं बाई, निवृत्तीच्या आधी कळलं."

पण मनातून त्याही सुखावल्या असणार. त्या आठवड्यात मला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं.

आणि मग वसतिगृहात तो प्रकार घडला. भर दुपारी तळमजल्यावर विजेच्या पेटीने पेट घेतला. जिने धुराने भरले, भोंगा वाजला, मुली धावत अंगणात आल्या. ती मुलगी ताप येऊन खोलीत झोपली होती. तिला भोंगा कुठून ऐकू येणार? रेक्टर बाईंनी सगळ्या बाहेर आल्याचं सांगून टाकलं. बंबवाल्यांनी खोल्या उघडून बघितल्या म्हणून ती सापडली, खिडकीच्या गजांना तोंड लावून बसलेली.

जीव वाचला. दवाखान्यातून आल्यावर तिने रेक्टर बाईंविरुद्ध तक्रार केली. सुनावणी साहेबांच्या दालनात झाली. साहेब, रेक्टर बाई, दोन प्राध्यापक, टिपणं घ्यायला मी, आणि दुभाषी म्हणून ताई. मुलगी उभी राहिली. तिचे हात असे चालत होते की हवा कापल्यासारखा आवाज येत होता. चेहरा लाल. मला खुणा कळत नव्हत्या, पण काय चाललंय ते शेंबडं पोरही ओळखू शकलं असतं.

ती थांबली. साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी घसा साफ केला.

"तिचं म्हणणं आहे, की तिच्याकडे थोडं दुर्लक्ष झालं. तिला वाईट वाटलंय."

प्राध्यापकांनी माना हलवल्या. रेक्टर बाईंनी सुस्कारा सोडला. मुलगी एकेकाचा चेहरा बघत राहिली. मग तिने ताईंना काहीतरी विचारलं आणि ताईंनी मान डोलावली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एवढंच बोलली ती?"

ताई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "ती म्हणाली, या बाईला माहीत होतं मी आत आहे, सकाळीच तापाचं लिहून दिलं होतं. मला मरायला सोडलं. माझ्या जागी ऐकू येणारी असती तर सोडलं असतं का?"

"मग?"

"तसं सांगितलं असतं तर सगळे तिच्यावर उलटले असते. मला वाटलं, गोडीत घ्यावं." मग त्या म्हणाल्या, "आणि साहेब माझ्याकडेच बघत होते."

"आणि तिने शेवटी काय विचारलं?"

"सगळं सांगितलंस का."

रेक्टर बाईंना तोंडी समज मिळाली. मुलीने वसतिगृह सोडलं. त्यानंतर ती खिडकीकडे फिरकली नाही, बाकीची मुलंही येईनात. काम असलं की कागदावर लिहून त्या ओरडणाऱ्या कारकुनापुढे सरकवायची. शेवटी ताईच कलाविभागात गेल्या आणि तिला खरं ते सांगितलं. मुलगी छपाईच्या दाबयंत्राचं चाक फिरवत होती. तिने हात पुसले आणि उत्तर दिलं. ताईंनी ते मला जसंच्या तसं सांगितलं: "मला तेव्हाच कळलं होतं. मी एवढं बोलले आणि एकाचाही चेहरा बदलला नाही." मग ती परत चाकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ताई साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, सुनावणी परत घ्या, मी तिचं बोलणं पातळ करून सांगितलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही समितीपुढे खोटं बोललात."

"हो."

"मग ताई, तुम्हाला दुभाषाचं पद मी कोणत्या तोंडाने देऊ?"

सुनावणी परत झाली नाही. पदावर बाहेरचा एक तरुण आला. चांगला होता बिचारा. ताईंची बदली प्रमाणपत्रांच्या विभागात झाली. रेक्टर बाई जिथल्या तिथे. मुलगी शिकून बाहेर पडली, तिचं प्रमाणपत्र ताईंच्याच टेबलावरून गेलं, पण न्यायला तिचे वडील आले.

ताई मात्र सुट्टीच्या दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन बसू लागल्या. बहिरा रुग्ण आला की त्याचं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं त्याला सांगायचं. फुकट. आई म्हणाल्या, "पगार नाही, पद नाही, हीच का ती दिशा?" ताई म्हणाल्या, "हीच."

एकदा मी रक्तदाब दाखवायला तिथे गेलो होतो. आत एक माणूस डॉक्टरांपुढे तावातावाने हात हलवत होता आणि ताईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "तो म्हणतो, तुम्ही माझ्याकडे न बघताच गोळ्या लिहिल्यात. तो म्हणतो, तुम्ही डॉक्टर नाही, गाढव आहात."

"बाई, नीट बोला!"

"मी बोलत नाहीये. तो बोलतोय."

"बाहेर व्हा तुम्ही."

ताई बाहेर आल्या, मला पाहून बाकावर शेजारी बसल्या. मी म्हटलं, "एवढं जोरात सांगायची काय गरज होती?"

"त्याने तेवढ्याच जोरात सांगितलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने तो माणूसही बाहेर आला, सदऱ्याची एक बाही रक्तदाब मोजायला वर गुंडाळलेली, ती तशीच. ताईंकडे त्याने पाहिलंही नाही. औषधांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.