गळ्याखालच्या दोन गाठी

जवाहर मास्तरांना जनावरांचं भारी वेड, पण दगडातल्या. चित्रकला शिकवून निवृत्त झाले तरी कवठे महांकाळच्या आसपास त्यांची स्कूटर थांबली नाही. डिकीत बॅटरी, मऊ ब्रश आणि एक जाडजूड वही. वीरगळावरची गाय दिसली की काढ वही, पडक्या चौथऱ्यावरचा हत्ती दिसला की काढ वही. तीर्थंकरांच्या मूर्ती दिसायला एकसारख्या, बैठकीवर कोरलेल्या लांछनावरूनच, म्हणजे खुणेच्या चित्रावरूनच, नाव कळतं. बैल असला तर आदिनाथ, सिंह असला तर महावीर. त्यामुळे गावोगावच्या मंदिरांत मास्तरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि मास्तरांना ते फार आवडायचं.

सांगलीला शिकणारी त्यांची नात ब्राह्मी परवा टॅरोचे पत्ते घेऊन आली. आजोबांनी चंद्राचा पत्ता ओढला. भविष्य राहिलं बाजूला, मास्तर ओरडले, "ह्यातला कुत्रा कंचा आन लांडगा कंचा गं?"

"आजोबा, हा पत्ता म्हणतोय, तुम्हाला काहीतरी भलतंच दिसतंय."

"हॅट्! चाळीस वर्षांत माझं जनावार एकदाबी चुकलं न्हाई!"

आणि आज तर मास्तरांचाच दिवस होता. गावातल्या जैन मंदिराच्या जीर्णोद्धारात भुयारातून जुनी मूर्ती वर आली होती, नाव कोणालाच आठवत नव्हतं. मास्तरांनी तीन दिवस ब्रश फिरवून झिजलेलं लांछन उजेडात आणलं. हरीण! गळ्यात घुंगरूसुद्धा! म्हणजे शांतिनाथ. सांगलीहून संगमरवरी पाटी कोरून आली, पत्रिका वाटल्या गेल्या, मांडवाच्या दारात त्या हरणाचा हत्तीएवढा फ्लेक्स लागला. दहाला अभिषेक. नऊ वाजता मास्तर नवा सदरा घालून फ्लेक्सखाली उभे होते, येणाऱ्याजाणाऱ्याला हरीण समजावत.

तेवढ्यात एका शेळीनं मांडवाच्या तोरणाला तोंड घातलं. मागून राहीबाई धावत आली. आटपाडीकडची मेंढपाळ बाई, तिची मेंढरं त्या आठवड्यात शेजारच्या शिवारात खतासाठी बसवली होती. तिनं शेळीचा कान धरला आणि वर बघितलं.

"आवं गुर्जी, ह्यो बोकाड कशाला लावलाय दारात?"

"बोकाड न्हाई बाई, हरीण हाय त्ये."

"मग गळ्यात काय हाय?"

"घुंगरू."

राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. "रानच्या जनावराला घुंगरू कोन बांधल वं? ह्ये बगा." तिनं शेळीची मान वर केली. गळ्याखाली दोन लोंबत्या गाठी होत्या, शेजारी शेजारी. "काई शेरडास्नी आसत्यात. हरणाला म्या कवा बगितल्या न्हाईत."

मास्तरांनी चपला तिथंच टाकल्या. ते अनवाणी आत पळाले, मूर्तीपुढे गुडघे टेकले, बॅटरी आडवी धरली. दोन गाठी. त्यांना अडकवणारी दोरी कोरलेलीच नव्हती! दोरीशिवाय घुंगरू टिकेल कसं? तीन दिवस त्यांनी ते बघितलं होतं आणि दिसलं नव्हतं. बोकड म्हणजे कुंथुनाथ. भुयारातला देव तासाभरात दुसऱ्याच्या नावानं ओळखला जाणार होता, आणि तेही त्यांच्या शब्दावर.

गप्प बसलं असतं तर कोणाला कळलं असतं? हा विचार आला, नाही असं नाही. अंगाला घाम सुटला. पण त्या घामाच्या आत एक आनंद नुसता उड्या मारत होता, कारण आता त्यांना खरंच कळलं होतं.

मास्तरांनी बाहेर येऊन सांगताच मंदिर समितीचे अध्यक्ष आप्पासोंनी कपाळाला हात लावला. "आवं, पाटी कोरलीया! मान्सं आलीती! आता बोलू नगासा."

मास्तरांनी माइक हिसकावलाच. "थांबा! मंडळी, माझं चुकलं. हे शांतिनाथ न्हाईत, कुंथुनाथ हायेत. मी ओळखलं न्हाई. त्या राहीबाईनी ओळखलं."

मांडवात कुजबुज झाली. मग कोणीतरी कुंथुनाथांचा जयजयकार केला आणि सगळा मांडव दणाणला. पाटीवर पांढरा कपडा टाकून अभिषेक वेळेवर सुरू झाला.

पहिला कलश झाला तसे मास्तर बाहेर धावले. राहीबाई शेळी घेऊन निघालीच होती.

"राहीबाई, थांबा!" दम लागला होता, डोळे लहान पोरासारखे चमकत होते. त्यांनी चाळीस वर्षांची वही तिच्यापुढे उघडली. "बसा हितं. पैल्या पानापास्नं बगा. आजून किती चुकल्यात, सांगा मला."

राहीबाईनं शेळी मांडवाच्या खांबाला बांधली आणि मांडी घालून बसली.