सोडायला मदत हवी का?

किस्से कोणी गोळा करत बसत नाही. नोकरी करावी, ते आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका इस्पितळात नर्स होते आणि दुपारी दोन तास तंबाखू सोडणाऱ्यांच्या फोनवर बसायचे. आटपाडी, जत, दहिवडीकडच्या दवाखान्यांना काम एवढंच होतं: पेशंटला तंबाखूचं विचारायचं, सोडायला मदत हवी म्हणाला तर नाव आणि फोन नंबर कार्डावर लिहून पोस्टानं आम्हाला पाठवायचा. पुढे दर आठवड्याला फोन आम्ही करायचा. ऐकायला किती सोपं!

*

पहिली गंमत नंबरांची. तेव्हा फोन होता कोणाच्या घरी! कार्डावर पी. पी. नंबर असायचा, म्हणजे शेजाऱ्याचा. जतकडच्या एका गड्याचा नंबर किराणा दुकानाचा निघाला. कसं चाललंय, असं मी विचारलं तर तो कुजबुजला, "बाई, मालक हितंच हाईत. तंबाखू त्यांच्याकडनंच घेतो मी."

पुढच्या खेपेला दुकानदारानं मला सुनावलंच. बोलवायला माणूस त्यानं धाडायचा आणि गिऱ्हाईकही त्याचंच तोडायचं! तरी भला माणूस, दर आठवड्याला न चुकता बोलवायचा.

*

आटपाडीच्या डॉक्टरांनी एका आजोबांना विचारलं, सोडायला मदत हवी का? आजोबा लगेच हो म्हणाले. कार्ड आमच्याकडे पोचायला आठ दिवस लागले. मी फोन करून म्हटलं, आजोबा, सोडायचं कसं करू या?

"आता कशाला, बाई? जीपची लय वाट बघितली. मग चालतच आलो घरी."

*

एका दवाखान्यातून तर खुद्द डॉक्टरांच्याच नावाचं कार्ड आलं. पाठवलं होतं कंपाउंडरनं. मी फोन केला. डॉक्टरांच्या तोंडात बार होता, त्यामुळे "हं" च्या पुढे बोलणं सरकेना.

*

आता हसू येत नाही असा एक. एक मावशी दवाखान्यात दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का? ती नाही म्हणाली आणि ते खोटं नव्हतं. ती दिवसातून चार वेळा मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची. तिच्या लेखी ते दात घासणं. तिसऱ्या वेळी गालात गाठ घेऊन आली, तेव्हा तिचं कार्ड झालं.

"मिसरीचं कुणी इचारलंच न्हाई, बाई," ती फोनवर म्हणाली. "इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

त्याच दिवशी मी सगळ्या दवाखान्यांना पत्रं लिहिली, मिसरीचं वेगळं विचारा म्हणून. तिला त्याचा काय उपयोग?

*

धोंडीरामतात्या माण तालुक्यातले, मेंढरं राखणारे. जबड्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचं कार्ड आलं. दर मंगळवारी मी गावच्या दूध डेअरीत फोन लावायचे. तात्या जड जिभेनं सांगायचे, खाल्ली नाही. पण डेअरीवाला हळूच म्हणायचा, कमरेला तंबाखूची चंची तशीच आहे, म्हातारा फसवतोय तुम्हाला. तात्या म्हणत, चंची रिकामी आहे, नसली की कंबर उघडी वाटते.

एका मंगळवारी मी म्हणून बसले, "तात्या, खरं सांगा." त्यांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर कधी फोनवर आलेच नाहीत. आपण पन्नास वर्षांची सवय तोडणाऱ्या माणसाला खोटं ठरवलं, याचं मला फार वाईट वाटत राहिलं.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला. तात्या गेले होते, आदल्या दिवशी दहावा झाला होता.

"बाई, पिंडाला कावळा शिवंना. गोडधोड ठेवलं, न्हाई शिवला. पोरांचं समदं करतो म्हणून भावानं शब्द दिला, तरी न्हाई. मग भावकीनं तंबाखूचा इडा ठेवला. कावळा लांबच सरला."

"मग?" मी विचारलं.

"शेवटी मी फुडं झाले. म्हणलं, तुमी तंबाखूला पुन्हा हात लावला न्हाई, मी सांगलीच्या फोनवाल्या बाईस्नी सांगते. तवा शिवला, बाई. म्हणून फोन केला."